नॉर्दर्न लाइट्सची ग्रुप टूर: जे आपल्या हातात नाही, त्याचा धंदा कसा करायचा?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टूर कंपनीच्या धंद्याची तोंडओळख करून घेतली. व्हिडिओत सगळी आकडेमोड बसत नाही, म्हणून ती इथे सविस्तर मांडते. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण मुद्दाम अवघड घेतलंय. समजा, कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यातून वीस माणसं जमवायची. त्यांना ऐन जानेवारीत आर्क्टिक वृत्ताच्या पलीकडे न्यायचं. तिथं उणे तापमानात, रात्री अकरा-बारा वाजता उघड्या माळावर उभं करायचं आणि सांगायचं, "वर बघा." वर हिरवा प्रकाश नाचताना दिसला, तर माणसं जन्मभर तुमचं नाव घेतील. नुसते ढग दिसले तर? पैसे तेवढेच घेतलेत. मग काय बोलणार?

तुम्हाला टूर कंपनी काढायची नसेल, तरी वाचा. पावसावर चालणारी नर्सरी, मुहूर्तावर चालणारं केटरिंग, यात्रेवर चालणारं दुकान, सगळ्यांचा प्रश्न हाच आहे. धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या हातात नसते. मग आपण नक्की काय विकतो?

मराठी माणूस टूर कंपनीला पैसे कशाचे देतो?

ग्रुप टूरचा धंदा काही नवा नाही. ५ जुलै १८४१ ला इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या माणसाने लेस्टर ते लफबरो अशी रेल्वे सहल काढली. साधारण पाचशे माणसं, तिकीट एक शिलिंग. दारूबंदीच्या सभेला माणसं न्यायची होती. त्यातूनच पुढे जगातली सगळ्यात नावाजलेली टूर कंपनी उभी राहिली. तिचं शेवटी काय झालं, ते पुढे सांगते. तो भाग या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे केसरी पाटील यांनी १९८४ मध्ये केसरी टूर्स सुरू केली. २०१३ मध्ये वीणा पाटील यांनी वीणा वर्ल्ड काढली. या कंपन्यांनी मराठी मध्यमवर्गाला युरोप दाखवला. आज नॉर्दर्न लाइट्सच्या ग्रुप टूरसुद्धा मराठी कंपन्या विकतात.

आता विचार करा, आयफेल टॉवर काही टूर कंपनीच्या मालकीचा नाही. मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं? विमानतळावर आपली भाषा बोलणारं माणूस उभं असेल, याचे. रात्री जेवायला वरण-भात मिळेल, याचे. आई चालताना मागे राहिली तर बस थांबेल, याचे. साठीच्या काकूंना इंग्रजी येत नसलं तरी कुणी हसणार नाही, याचे. म्हणजे ठिकाण जगाचं असतं आणि सोबत कंपनीची असते. गिऱ्हाईक सोबतीचे पैसे देतं.

हे एवढं पक्कं डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

आधी माल समजून घ्या

जो माल विकायचा, त्याची माहिती दुकानदाराला गिऱ्हाइकापेक्षा जास्त पाहिजे. म्हणून थोडा भूगोल.

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांच्या बाजूला ओढले जातात. साधारण शंभर किलोमीटर किंवा त्याहून जास्त उंचीवर ते हवेच्या कणांवर आदळतात आणि प्रकाश पडतो. हेच नॉर्दर्न लाइट्स. ढग असतात त्याच्या खूप खाली. त्यामुळे वर कितीही आतषबाजी चालू असली, तरी मध्ये ढग आला की खेळ खल्लास. उन्हाळ्यात तिकडे रात्रच धड होत नाही, म्हणून प्रकाश असूनही दिसत नाही. काळोख पाहिजे, म्हणून हिवाळ्यातच जावं लागतं.

सूर्याची ही सक्रियता साधारण ११ वर्षांच्या चक्रात वरखाली होते. मे २०२४ मध्ये एवढं मोठं सौर वादळ आलं की आपल्या लडाखमधल्या हानले इथूनसुद्धा आकाशात लाल झाक टिपली गेली. पण तसं रोज होत नाही. नेहमीसाठी उत्तरेलाच जावं लागतं.

जाण्याची तीन ठिकाणं प्रसिद्ध आहेत.

नॉर्वेचं ट्रोम्सो आर्क्टिक वृत्ताच्या साधारण साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला आहे. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, बस्स. पण उबदार सागरी प्रवाहामुळे थंडी त्या मानाने सौम्य, जानेवारीची सरासरी उणे तीन-चार अंश. समुद्र जवळ, म्हणून ढग मात्र जास्त.

फिनलंडचं रोव्हानिएमी आर्क्टिक वृत्ताला चिकटून आहे. तिथं पारा कधी कधी उणे तीसच्याही खाली जातो.

रशियाचं मुर्मान्स्क हे आर्क्टिक वृत्ताच्या आतलं जगातलं सगळ्यात मोठं शहर. ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो, म्हणून तिकडे ओढा वाढला. पण मार्च २०२२ पासून रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथं चालत नाहीत. हे ज्या टूरवाल्याला माहीत नाही, त्याचे वीस पाहुणे हॉटेलच्या काउंटरवर कार्ड हातात धरून उभे राहतील.

थंडी विकणारी गावं

आपण म्हणतो, "आमच्या गावात काय आहे विकायला?" मग ही दोन उदाहरणं बघा.

स्वीडनमध्ये किरुनाजवळ युक्कासयार्वी नावाचं छोटं गाव आहे. पर्यटक उन्हाळ्यात नदीवर यायचे, हिवाळ्यात शुकशुकाट. १९९० च्या सुमारास तिथल्या लोकांनी नदीच्या बर्फातून इग्लू बांधून कलाप्रदर्शन भरवलं. काही पाहुण्यांनी त्यातच रात्र काढली, रेनडिअरच्या कातड्यावर, जाड स्लीपिंग बॅगमध्ये. त्यातून आइसहोटेल जन्माला आलं. दर हिवाळ्यात टोर्ने नदीच्या बर्फाने ते नव्याने बांधतात आणि वसंतात ते वितळून परत नदीत जातं. आत उणे पाचच्या आसपास तापमान, तरीही लोक पैसे देऊन झोपतात. ज्या थंडीमुळे धंदा बंद पडायचा, तीच थंडी त्यांनी मालात घातली.

दुसरं रोव्हानिएमी. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हे गाव जवळजवळ संपूर्ण जाळलं. पुन्हा बांधकाम चालू असताना १९५० मध्ये एलिनॉर रूझवेल्ट पाहणीला आल्या, त्यांच्यासाठी आर्क्टिक वृत्ताच्या रेषेवर लाकडी खोपटं बांधलं. त्या जागेभोवती पुढे १९८५ मध्ये सांता क्लॉजचं गाव उभं राहिलं. सांताला कुणी पाहिलेलं नाही, आर्क्टिक वृत्त ही नकाशावरची रेघ. पण पोस्ट ऑफिस खरं, तिथला शिक्का खरा, पत्र खरं पोचतं. जे दाखवता येत नाही, त्याच्या आजूबाजूला हातात देता येतील अशा गोष्टी त्यांनी उभ्या केल्या.

गॅरंटी द्यायची तर अशी

आता मुद्द्यावर येऊ. "नॉर्दर्न लाइट्स १०० टक्के गॅरंटी!" अशी जाहिरात करायचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचं जाऊ द्या, गावात नाव गेलं की ते कुठल्या दंडाने भरून येत नाही.

पण नॉर्वेत एक कंपनी खरोखर वचन देते. हुर्टिग्रुटन. १८९३ पासून नॉर्वेच्या किनाऱ्याने तिच्या बोटी चालतात. हिवाळ्यातल्या बारा दिवसांच्या पूर्ण फेरीत प्रकाश दिसलाच नाही, तर ती पुढच्या हंगामात सहा-सात दिवसांची दुसरी सफर मोफत देते.

यातली हुशारी बघा. पहिली गोष्ट, वचन फक्त लांबच्या फेरीला आहे. छोट्या ट्रिपला नाही. जितक्या जास्त रात्री, तितकी संधी जास्त. समजा एका रात्री दिसण्याची शक्यता ४० टक्के धरली. तीन रात्री राहिलात, तर निदान एकदा दिसण्याची शक्यता ७८ टक्के होते. पाच रात्रींना ९२ टक्के. (एकदाही न दिसण्याची शक्यता काढायची: ०.६ गुणिले ०.६ गुणिले ०.६, आणि ती एकातून वजा करायची. मोबाईलवर करून बघा.) प्रत्यक्षात ढग आले की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकतात, त्यामुळे हिशेब इतका सरळ नसतो. म्हणूनच बोट जागा बदलत राहते, हे तिच्या पथ्यावर पडतं.

दुसरी गोष्ट, ती पैसे परत देत नाही, सफर देते. हिवाळ्यात बोटीत ज्या खोल्या रिकाम्या जातात, त्यातली एक दिली तर कंपनीला खर्च थोडा, गिऱ्हाइकाला मोल मोठं.

आणि तिसरी, आकाशाचं वचन तिने दिलेलंच नाही. "नाही दिसलं तर आम्ही काय करू" याचं वचन दिलंय. ते शंभर टक्के तिच्या हातात आहे.

आमच्या डोंगरावरचा हिशेब

आमचं दुकान जोतिबावर, वाडी रत्नागिरीला आहे. गुलाल, खोबरं, नारळ, दवणा, पेढे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला डोंगर गुलालाने रंगतो. पाडळीची, विहेची अशा मानाच्या सासनकाठ्या येतात, गावंच्या गावं चालत येतात. त्या चार दिवसांत आमची वर्षाची मोठी कमाई असते. २०२० मध्ये कोरोनामुळे यात्राच भरली नाही. भरलेला माल तसाच राहिला. डोंगरावरच्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, मोठी गोष्ट आपल्या हातात नसते म्हणजे काय, ते त्याला विचारूनच कळेल.

पण एक बघा. दर्शन नीट होईल, याची गॅरंटी आम्ही कधी देत नाही. दर्शन देवाचं. आमच्याकडे काय आहे? चपला सांभाळणं. म्हाताऱ्या माणसाला बसायला स्टूल देणं. प्यायला पाणी. वजन चोख, सुट्टे पैसे तयार. रांग किती आहे ते खरं सांगणं. "आत्ता दोन तास लागतील, मावशी, आधी चहा घ्या." यासाठीच गिऱ्हाईक दरवर्षी त्याच दुकानात येतं.

आणि ग्रुप कसा न्यायचा हे तर आपल्या रक्तात आहे. सासनकाठीबरोबर येणारा गाव बघा. काठी कुणी धरायची, दोर कुणी ओढायचे, शिधा कुणी आणायचा, मुक्काम कुठे, आजारी पडलं तर कोण बघणार, सगळं ठरलेलं असतं. लाखोंच्या गर्दीत त्यांचं माणूस हरवत नाही. ट्रोम्सोला वीस माणसं सांभाळायला यापेक्षा वेगळं कौशल्य लागत नाही. फक्त कागद जास्त लागतात आणि चूक महाग पडते. किती महाग, ते आता काढू.

वीस माणसांचा हिशेब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, हा बाजारभाव नाही. तुम्ही तुमचे कोटेशन घेऊन हेच गणित पुन्हा करा.

दर माणशी खर्च:
विमान ९०,०००
हॉटेल ७०,०००
व्हिसा आणि विमा १५,०००
जेवण ३५,०००
सहली (हस्की कुत्र्यांची गाडी, रेनडिअर वगैरे) ३०,०००
एकूण २,४०,०००

ग्रुपचा ठरलेला खर्च, माणसं दहा असोत वा वीस:
बस ४,००,०००
टूर मॅनेजरचा प्रवास आणि मानधन २,५०,०००
जाहिरात आणि ऑफिस १,००,०००
एकूण ७,५०,०००

विक्री किंमत २,९०,००० धरा, कर वेगळा. म्हणजे एका माणसामागे ५०,००० उरले. साडेसात लाखांना पन्नास हजारांनी भागा, १५ आले. म्हणजे पंधराव्या माणसापर्यंत तुम्ही फुकट काम करताय. सोळाव्यापासून नफा सुरू. वीस भरले तर नफा अडीच लाख. विक्री ५८ लाख आणि नफा अडीच लाख, म्हणजे साडेचार टक्केसुद्धा नाही.

आता तीन जणांचा व्हिसा नाकारला गेला. (होतं असं. व्हिसा देणं-न देणं दूतावासाच्या हातात.) सतरा माणसांचे साडेआठ लाख, वजा साडेसात, उरला एक लाख. पण त्या तिघांची विमानं-हॉटेलं आधीच बुक केलेली, त्यातले माणशी ६०,००० परत मिळत नाहीत. ते १,८०,००० तुम्ही सोसले, तर नफा गेलाच आणि खिशातले ८०,००० वर गेले.

यावरून तीन नियम लिहून घ्या.

एक: कॅन्सलेशनचे नियम बुकिंगच्या आधी, मराठीत, सहीसकट. कुठल्या तारखेनंतर किती पैसे परत मिळणार नाहीत आणि व्हिसा नाकारला तर काय, हे स्पष्ट.

दोन: व्हिसाला लवकर लागा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

तीन: कराचं गणित सीएकडून करून घ्या. टूर ऑपरेटरच्या सेवेवर साधारण ५ टक्के जीएसटी असतो. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस गोळा करून सरकारकडे भरावा लागतो. तो ऑक्टोबर २०२० मध्ये ५ टक्क्यांनी सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात लाखांवरच्या रकमेला २० टक्के झाला. त्यानंतरही नियम बदलले. म्हणून जुन्या व्हिडिओवर, अगदी माझ्या जुन्या व्हिडिओवरसुद्धा विसंबू नका. बुकिंग उघडण्याआधी चालू दर विचारा.

"ताई, लोक ॲडव्हान्स द्यायला तयार आहेत"

आमच्या एका कार्यशाळेत एका तरुणाने हा प्रश्न विचारला. त्याची स्वतःची मिनीबस आहे. अष्टविनायक, गाणगापूर, काशी अशा सहली काढतो. माणूस सचोटीचा, लोकांचा विश्वास आहे. त्याच्या अठरा पाहुण्यांनी स्वतःहून म्हटलं, "आम्हाला ते हिरवं आकाश दाखव." प्रत्येकी पन्नास हजार ॲडव्हान्स द्यायला तयार. म्हणजे नऊ लाख रुपये. त्यात एक निवृत्त शिक्षक जोडपं, फंडाच्या पैशातून येणारं. त्याला त्याच वेळी बसचे दोन हप्ते भरायचे होते आणि दुसरी बस घ्यायचा विचार होता.

त्याने विचारलं, "ताई, हे पैसे सहा महिने माझ्याकडेच राहणार. तोवर बसच्या डाउन पेमेंटला वापरले तर?"

इथं थांबा आणि मघाच्या थॉमस कुककडे चला. त्या इंग्रजी कंपनीने १७८ वर्षं धंदा केला. २३ सप्टेंबर २०१९ ला पहाटे ती बंद पडली. त्या वेळी तिचे दीड लाखाच्या आसपास ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारला विमानं भाड्याने घेऊन त्यांना परत आणावं लागलं. (भारतातली थॉमस कुक ही वेगळ्या मालकीची कंपनी, तिचा याच्याशी संबंध नव्हता.) कंपनीवर कर्जाचा डोंगर होता. त्यात या धंद्याची रीतच अशी की गिऱ्हाइकाचे पैसे आधी येतात आणि हॉटेल-विमानाचं बिल नंतर. खात्यात पैसा दिसतो, तो आपलाच वाटतो. पण तो कमावलेला पैसा नसतो. न दिलेल्या सेवेचं ते देणं असतं.

ब्रिटनमध्ये अशा प्रवाशांच्या पैशाला कायद्याचं संरक्षण होतं, म्हणून लोक घरी तरी आले. आपल्या मिनीबसवाल्या भावाच्या पाहुण्यांना कोण आणणार? ते शिक्षक जोडपं उद्या त्याच्याच दारात येणार.

मी त्याला सांगितलं, ॲडव्हान्स घ्यायचाच असेल तर वेगळं करंट खातं उघड आणि त्यातून फक्त त्या टूरची बिलं भर. बसचा हप्ता बसच्या कमाईतून. आणि दुसरं, पहिली टूर स्वतःच्या नावावर काढूच नकोस. मोठ्या टूर कंपन्यांना गावोगावी विक्री प्रतिनिधी लागतात. तुझे अठरा पाहुणे तयार आहेत, तर अनुभवी कंपनीकडे बुकिंग कर, कमिशन घे आणि स्वतः त्यांच्याबरोबर जा. नफा कमी मिळेल. पण व्हिसा, बस, हॉटेल, ढग या सगळ्याचा बोजा तुझ्या मानेवर नसेल. आणि धंदा आतून बघायला मिळेल, तो वेगळाच.

त्याला आधी ते पटलं नाही. "म्हणजे मी एजंटच व्हायचं का?" म्हणाला. मग आपण वर केलं तेच गणित त्याने स्वतःच्या वहीत अठरा माणसांसाठी केलं. दीड लाख नफा आला. दोन व्हिसा नाकारले तर सत्तर हजार तोटा. वही मिटून म्हणाला, "दुसऱ्या बसचं नंतर बघू." लोकांचे नऊ लाख त्याने घेतले नाहीत. अनुभवी कंपनीची कोटेशनं मागवायला सुरुवात केलीये.

सोपा हंगाम आधी

कुणाला वाटेल, एवढं काय घाबरायचं. म्हणून सरकारचंच उदाहरण देते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलेसुंद इथं भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र जुलै २००८ मध्ये सुरू झालं. ते उत्तर ध्रुवापासून साधारण बाराशे किलोमीटरवर आहे. आपले शास्त्रज्ञ तिथं बहुतेक उन्हाळ्यातच जायचे. पहिली हिवाळी मोहीम निघाली डिसेंबर २०२३ मध्ये. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने ती आखली आणि पहिल्या तुकडीत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचाही सहभाग होता. म्हणजे हाताशी देशाची यंत्रणा असूनही उन्हाळ्याकडून हिवाळ्याकडे जायला पंधरा वर्षं गेली. आपणही आधी काश्मीरच्या बर्फात ग्रुप नेऊन बघूया की! थंडीत माणसं कशी वागतात, कुणाचे गुडघे कुरकुरतात, जेवणाची वेळ चुकली की कोण चिडतं, हे तिथंच कळतं.

जे हातात आहे, त्याची यादी

ही यादी ट्रोम्सोसाठी लिहिलीये. पण तुमच्या धंद्याची अशीच यादी तुम्ही करायची आहे.

रात्री: मुक्काम किमान चार-पाच रात्रींचा. एका रात्रीवर भिस्त नको.

बस आणि वाटाड्या: ढग असतील तर किनारा सोडून आत, फिनलंडच्या सीमेकडे दीड-एकशे किलोमीटर जाता आलं पाहिजे. तिकडची हवा कोरडी असते. हा निर्णय रोज संध्याकाळी हवामान बघून स्थानिक वाटाड्याने घ्यायचा. म्हणून बस आणि चालकाचे तास लवचिक ठेवा.

कपडे: आतून थर्मल, मध्ये लोकर, वरून वारा अडवणारं जाकीट. जाड सूट तिथं भाड्याने मिळतात, ते पॅकेजमध्येच धरा. वेगळे पैसे मागितले की माणसं नको म्हणतात आणि मग कुडकुडतात.

पाय: थंडीपेक्षा घसरून पडण्याचा धोका मोठा. बुटाला लावायच्या काट्यांच्या पट्ट्या पहिल्याच दिवशी सगळ्यांना वाटा.

औषधं: इन्सुलिन गोठलं की वाया जातं. ते अंगाजवळच्या खिशात, बॅगेत नाही. मोबाईलची बॅटरीही थंडीत झटकन उतरते, तोही आतल्या खिशात.

जेवण: रात्री बाराला माळावर उभ्या असलेल्या माणसाला गरम सूप आणि चिवडा द्या. त्याची आठवण आकाशापेक्षा पक्की राहते.

खरं बोलणं: बुकिंगच्या दिवशीच लिहून द्या, "प्रकाश दिसेल याची खात्री नाही." आणि त्याच कागदावर लिहा, "नाही दिसला तर आम्ही हे करू." जास्तीची एक रात्र शोधमोहीम, पुढच्या टूरवर सवलत, जे परवडेल ते. पण लिहिलंय तेवढं करायचंच.

दिवस: नुसत्या रात्रीवर टूर उभी करू नका. हस्की, रेनडिअर, संग्रहालय, बंदर अशा गोष्टींनी दिवसाचे उजेडाचे थोडे तास भरा. आकाशाने दगा दिला तरी पैसे वसूल वाटले पाहिजेत.

तुमचा गृहपाठ

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा, माझ्या धंद्यात काय माझ्या हातात नाही. उजवीकडे, काय माझ्या हातात आहे. मग तुमची जाहिरात, तुमचं व्हिजिटिंग कार्ड, तुमचा व्हॉट्सॲप स्टेटस काढून वाचा. त्यातलं प्रत्येक वचन कुठल्या बाजूचं आहे, ते तपासा.

डावीकडचं एखादं वचन सापडलं, तर आजच खोडा. त्याच्या जागी उजवीकडचं एक घाला. मग त्या उजवीकडच्या वचनाला वर्षाला किती खर्च येतो, तो आकडा समोर लिहा. आकडा परवडत नसेल तर वचन छोटं करा, पण ठेवा.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओत आपण कॅन्सलेशनच्या अटी मराठीत कशा लिहायच्या ते बघणार आहोत. तोपर्यंत हा कागद तयार ठेवा. भेटूच.

चांगभलं!